जर्मन शिक्षिकेच्या घरी राहून जर्मन शिकायचं असेल तर

जर्मनीत जाऊन जर्मन शिकायच्या तीन वाटा आहेत. भाषाशाळेच्या वर्गात बसायचं आणि वसतिगृहात राहायचं, ही पहिली. शाळेत शिकायचं पण एखाद्या कुटुंबात राहायचं, ही दुसरी. तिसरी वाट म्हणजे शिकवणाऱ्या बाईंच्याच घरी उतरायचं, त्यांच्याच टेबलावर जेवायचं आणि जेवणाची ताटं उचलली की त्याच टेबलावर वही उघडायची. हा लेख तिसऱ्या वाटेबद्दल आहे. महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला. त्यामुळे परीक्षेपुरतं नाही तर कामापुरतं, रोज बोलण्यापुरतं जर्मन हवं असणारी मंडळी आता आपल्याकडे आहेत. त्यांना ही वाट सर्वांत उपयोगी पडते.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी. घरी राहून शिकताना व्याकरणापेक्षा जास्त आडवी येते ती इंग्रजी. आपण जर्मन इंग्रजीतून शिकतो, मनात वाक्य इंग्रजीत जुळवतो आणि अडलो की इंग्रजीत घसरतो. मराठी मात्र विमानतळावरच सोडून जातो. हे उलटं करा. जर्मन घरात इंग्रजी बंद ठेवा आणि मराठी मनात चालू ठेवा. का, ते पुढे सविस्तर येईलच.

कधी जावं, किती दिवस

ए२ पातळी (युरोपीय भाषापातळ्यांच्या ए१ ते सी२ या क्रमातली दुसरी) पूर्ण करूनच जा. ए१वर गेलात तर पहिले दहा दिवस वस्तूंची नावं आणि क्रियापदांची रूपं यांतच जातात, आणि तेवढं पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा गावातल्या चांगल्या शिकवणीतही होतं. ए२ झालेल्याला मोडकंतोडकं का होईना, बोलता येतं. घरात राहण्याचा फायदा बोलणाऱ्यालाच मिळतो.

मुक्काम किमान दोन आठवड्यांचा हवा. शक्य असेल तर तीन-चार आठवडे राहा. पहिला आठवडा कान बसण्यात जातो, तोंड दुसऱ्या आठवड्यात सुटतं. एका आठवड्याचा मुक्काम म्हणजे नांगरून पेरणी न करता परत येणं.

घर ठरवताना विचारायचे प्रश्न

शिकवणीची जाहिरात वाचताना आधी तासिकेची लांबी बघा. जर्मनीत एक तासिका सहसा ४५ मिनिटांची असते, म्हणजे आठवड्याच्या २० तासिका हे घड्याळाचे १५ तास झाले. एकट्यानं शिकताना एवढं पुरतं: पाच दिवस, रोज सकाळी तीन तास. पैसे वसूल व्हावेत म्हणून ३० तासिका घेणारे चौथ्या दिवसापासून थकतात आणि संध्याकाळच्या टेबलावर गप्प बसतात. खरं शिक्षण त्या टेबलावर होतं, त्यामुळे तोटा तुमचाच.

त्यानंतर हे विचारा. घरात त्याच काळात दुसरा विद्यार्थी असेल का, आणि त्याची भाषा कोणती? दुसरा विद्यार्थी हिंदी किंवा इंग्रजी बोलणारा असेल तर तारखा बदला. संकोच करू नका. घरातली माणसं आपसात जर्मनच बोलतात का? बाईंनी परदेशी लोकांना जर्मन शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं आहे का? फक्त जर्मन बोलता येतं म्हणून शिकवणारी व्यक्ती चूक दुरुस्त करेल, पण ती चूक का झाली हे तिला सांगता येणार नाही. कुत्रा-मांजर आहे का, कोणी सिगरेट ओढतं का, बसथांबा किती अंतरावर आहे? आणि जेवण किती वेळचं: 'हाल्पपेन्सिओन' म्हणजे नाश्ता आणि संध्याकाळचं जेवण, 'फोलपेन्सिओन' म्हणजे तिन्ही वेळा.

शाकाहारी असाल तर 'मी व्हेजिटेरियन आहे' एवढ्यावर थांबू नका, कारण तिथे अंडं त्यातच धरतात. हे वाक्य पाठ करा आणि लेखीही कळवा: 'इश एसं काइन फ्लाइश, काइनन फिश उंट काइनं आयर', म्हणजे मी मांस, मासे आणि अंडी खात नाही. एकाच वाक्यात नकाराची तीन रूपं तोंडात बसतात, हा वरचा फायदा. दक्षिणेकडच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचा रस्सा असतो, परतलेल्या बटाट्यात 'श्पेक' नावाचे डुकराच्या चरबीचे तुकडे असतात, जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं. घरात आणि बाहेर या तिन्हींबद्दल विचारत जा.

गाव कोणतं निवडायचं? प्रमाण जर्मन ऐकायचं असेल तर हॅनोव्हरच्या बाजूची बोली पुस्तकाच्या सर्वांत जवळची मानतात. पण पुढे काम बाडेन-वुर्टेंबर्गच्या राजधानीकडे, म्हणजे श्टुटगार्टकडे करायचं असेल तर तिथलंच घर घ्यावं असं आमचं मत आहे. बाई शिकवताना प्रमाण भाषा बोलतील, पण बेकरीवाला आणि शेजारी श्वाबियन, म्हणजे त्या भागातल्या बोलीच्या वळणानं बोलतील, आणि पुढे कामावर तेच कानावर पडणार आहे. साध्या पावाचंच बघा: पुस्तकात तो 'ब्रोटशन', बायर्नमध्ये (बव्हेरियात) 'झेमल', श्वाबियनांकडे 'वेकलं' आणि बर्लिनमध्ये 'श्रिपं'.

कागदपत्रांचं थोडक्यात. तीन महिन्यांच्या आतल्या मुक्कामासाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही तीन महिने चालू असायला हवा. बाईंकडून शिकवणीच्या तारखा, तासिका आणि राहण्याचा पत्ता असलेलं सहीचं पत्र मागवा. त्यातल्या तारखा आणि विमान तिकिटाच्या तारखा जुळतात का, ते दोनदा तपासा.

घरच्यांसाठी भेट म्हणून पेढे, बर्फी किंवा तूप नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवासी सामानात दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. ताजे आंबेही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. शेंगदाण्याची चिक्की न्या. ती टिकते आणि ती कशी करतात हे सांगण्यात जर्मनची अर्धी तासिका होते.

पहिल्या संध्याकाळी तीन गोष्टी ठरवून घ्या

पहिली गोष्ट, भाषेची. 'बिटं नूअर डॉइच', कृपया फक्त जर्मन. अडलं तर आधी हातवारे, मग चित्र, मग सोपं जर्मन. इंग्रजी फक्त दुखणं-खुपणं आणि पैशांच्या बोलण्यापुरती. ही मुभा आधीच ठरलेली असली की बाकी वेळ मोह होत नाही.

दुसरी, चुकांची. हे न ठरवल्यामुळे जितके मुक्काम वाया जातात तितके दुसऱ्या कशानं जात नाहीत. शिकवणीत त्या दिवसाच्या विषयातली प्रत्येक चूक बाईंनी तिथल्या तिथे थांबवावी. जेवणाच्या टेबलावर मात्र थांबवू नये, फक्त बरोबर वाक्य सहज पुन्हा म्हणावं. तुम्ही म्हणालात 'इश बिन गेश्टर्न गेआर्बाइटेट', तर बाई म्हणतील 'आहा, डू हास्ट गेश्टर्न गेआर्बाइटेट'. तेवढ्यावर तुमच्या लक्षात यायला हवं. टेबलावरही प्रत्येक शब्दाला अडवलं तर तिसऱ्या दिवशी माणूस 'हो', 'नाही' आणि 'छान' यांवर येतो. अजिबातच अडवलं नाही तर चूक पक्की होते.

तिसरी, एकमेकांच्या मोकळ्या वेळेची. शिक्षिका घरातच असल्या तरी दिवसभर शिक्षिका नसतात. दुपारी दोन ते सहा हा वेळ तुमचा तुम्ही काढायचा आणि बाईंच्या खोलीचं दार बंद असेल तर वाजवायचं नाही, हे स्पष्ट ठरवा. कुणाला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं.

हाक कशी मारायची हेही त्याच संध्याकाळी ठरतं. 'झी' म्हणजे आपलं तुम्ही, 'डू' म्हणजे तू. मोठ्या माणसानं 'डू म्हण' असं सांगेपर्यंत 'झी' आणि 'फ्राउ' लावून आडनाव. बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी 'डू' आणि पहिलं नाव सुरू होतं. साठीतल्या बाईंना नुसत्या नावानं हाक मारताना आपली जीभ अडखळते, पण तिथे त्यात अनादर नाही. मॅडम, आंटी, काकू यांतलं काहीही लावू नका.

मराठी कुठे कामी येते

आधी आकडे. २१ ला जर्मनमध्ये 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणतात, एक आणि वीस. इंग्रजीतून शिकणारा इथे वर्षभर अडखळतो. आपण तर लहानपणापासून एकवीस, बावीस, तेवीस म्हणतो, एकं आधी आणि दहं नंतर. फोन नंबर ऐकताना मनात 'ट्वेंटी वन' न म्हणता 'एकवीस' म्हणा, उलटसुलट होणार नाही. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस इथे सावध राहा, जर्मन तिथेही नऊ-आणि-वीस, नऊ-आणि-तीसच म्हणतं.

घड्याळात मात्र सापळा आहे. 'हाल्प फीअर' म्हणजे साडेचार नव्हे, साडेतीन. जर्मन माणूस पुढच्या तासाकडे बघतो, आपण पावणेचार म्हणताना बघतो तसंच. नैर्ऋत्येला तर पावणेचारला सरळ 'ड्रायफिअर्टल फीअर', चाराचा पाऊण, म्हणतात. मनात 'पावणे'चा हिशोब ठेवला की 'हाल्प' चुकत नाही. कोणी वेळ सांगितली की ती आकड्यांत परत म्हणून दाखवा: 'आल्झो, फ्युन्फत्सेन उअर ड्रायसिश?', म्हणजे १५:३० ना?

मग 'मला'. मला थंडी वाजते, मला आवडतं, मला बरं नाही. या सगळ्यांत आपण 'मी' म्हणत नाही. जर्मनही नाही: 'मीअर इस्ट काल्ट', 'दास गेफेल्ट मीअर', 'मीअर गेट एस निश्ट गूट'. 'मीअर' म्हणजे मला. इंग्रजीवरून उचलून 'इश बिन काल्ट' म्हटलं तर 'मी थंड माणूस आहे' असा भलताच अर्थ होतो. जेवण आवडलं तर 'दास श्मेक्ट मीअर'. पण 'मला कळत नाही'ला हा नियम लावू नका, तिथे 'इश फेरश्टेए निश्ट', म्हणजे 'मी'च.

जोडवाक्यातला क्रम तर हुबेहूब आपला आहे. 'वाइल इश मॉर्गन नाख पुणे फारं': कारण मी उद्या पुण्याला जातो. शब्दाला शब्द ठेवून बघा. अडचण येते ती साध्या वाक्यात, कारण तिथे क्रियापद दुसऱ्या जागी उभं राहतं. म्हणून पहिल्या आठवड्याचा सराव साध्या वाक्यांवर खर्च करा.

लिंगं तीन: डेर, डी, दास. तो, ती, ते. ही कल्पना आपल्याला शिकावी लागत नाही, फक्त वाटणी वेगळी. सूर्य तिथे 'डी झोनं', ती आहे. मुलगी 'दास मेट्शन' आहे, ते. हे ऐकून हसू नका. शब्दाच्या शेवटी लहानपणाचा '-शन' लागला की तो शब्द नपुंसकलिंगी होतो, आपलं पोरगं, लेकरू, वासरू होतं तसंच. मालवणी घरातल्या माणसाला 'चेडू' नपुंसकलिंगी ऐकायची सवयच असते.

उच्चारातही मराठीकडे एक ठेवा आहे. जर्मन झेड म्हणजे 'चांगला', 'चमचा' यांतला च. 'त्साइट' म्हणजे वेळ, 'त्सेन' म्हणजे दहा. 'डॉइच'मधला शेवटचा च मात्र 'चहा'तला. ज्याला चांगला आणि चहा यांतला फरक जन्मापासून येतो, त्यानं इंग्रजीसारखं 'झेन' म्हणणं म्हणजे घरातलं धान्य सोडून उधार आणणं. दोन टिंबांचा यू मात्र आपल्याकडे नाही. 'ई' म्हणत राहा आणि ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करा, जीभ हलू देऊ नका. सराव या जोडीवर: 'क्युशं' म्हणजे स्वयंपाकघर, 'कूखन' म्हणजे केक. रोज दहा वेळा, आरशासमोर.

आणि शेवटी ते छोटे शब्द. नाश्त्याला बसल्यावर कोणी म्हणेल, 'राइश्स्ट डू मीअर माल डी बुटर?' शब्दकोशात 'माल' शोधाल तर 'एकदा' सापडेल आणि अर्थ लागणार नाही. हा 'माल' म्हणजे आपलं 'जरा': लोणी जरा देतोस? तो काढला तर वाक्य हुकमासारखं कोरडं होतं. 'कोम डॉख!' म्हणजे 'ये ना!' किंवा 'ये की!' हे शब्द पुस्तकातून येत नाहीत, ते टेबलावरूनच येतात. दिवसाला असं एक वाक्य टिपा आणि बाजूला मराठीत लिहा. इंग्रजीत लिहू नका, तिथे त्यांना जागाच नाही.

दिवस कसा लावायचा

साडेसात-आठला नाश्ता, नऊ ते सव्वाबारा शिकवणी. अकराच्या सुमारास पंधरा मिनिटांची सुट्टी घ्याच. दुपारी रोज एक काम बाहेर, आणि तेही बोलल्याशिवाय न होणारं: बेकरीत पाव आणणं, औषधाच्या दुकानात खोकल्याचं औषध विचारणं, रेल्वेच्या खिडकीवर तिकीट काढणं. यंत्रावर काढू नका. त्या कामाची तीन वाक्यं सकाळच्या तासिकेत बाईंकडून तयार करून घ्या. 'इश हेटं गेर्न त्स्वाय ब्रोटशन' हे त्यांतलं पहिलं. 'मला पाहिजे' असं सरळ म्हटलं तर उद्धट वाटतं. संध्याकाळी सहा-साडेसहाला 'आबेंटब्रोट', म्हणजे बहुतेक घरांत थंड जेवण: पाव, चीज, काकडी. तेव्हा दुपारचं काम कसं झालं ते दहा मिनिटं सांगा. रात्री आठला सार्वजनिक वाहिनीवर पंधरा मिनिटांच्या बातम्या असतात. त्या घरच्यांबरोबर बघा आणि एकच बातमी आपल्या शब्दांत सांगा.

चुकांच्या वहीला तीन रकाने पाडा: मी काय म्हणालो, बाई काय म्हणाल्या, हे उद्या कुठे वापरणार. दिवसाला दहाच ओळी. चाळीस ओळी लिहिणाऱ्याची वही भरते, तोंड रिकामं राहतं. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. 'उद्या बेकरीत' असं लिहिलं आणि वापरलं की ओळ खोडायची.

बोलणं फोनवर टिपायचं असेल तर आधी विचारा. परवानगीशिवाय कोणाचं खाजगी बोलणं रेकॉर्ड करणं जर्मन दंडसंहितेच्या कलम २०१ प्रमाणे गुन्हा आहे. शिकवणीचं रेकॉर्डिंग बहुतेक बाई आनंदानं करू देतात, जेवणाच्या टेबलाचं नाही.

स्वयंपाकघर ही दुसरी शाळा

आठवड्यातून एकदा तुम्ही रांधा. पोहे सर्वांत सोपे: 'राइसफ्लोकन' म्हणजे पोहे, 'झेन्फक्योर्नर' मोहरी, 'कुर्कुमा' हळद. आदल्या दिवशी कृती जर्मनमध्ये लिहा. 'त्सूएर्स्ट', 'डान', 'त्सुम श्लुस', म्हणजे आधी, मग, शेवटी, हे तीन शब्द वापरून सहा वाक्यं. मग करताना बोलत करा. फोडणीबद्दल आधी विचारा. जर्मन घरांत झोपायच्या खोल्यांत आणि बोळात धुराची घंटा बसवणं सक्तीचं आहे, आणि तापलेल्या तेलाचा धूर तिला कळतो. तेल मध्यम आचेवर, खिडकी पूर्ण उघडी, भांड्यावर झाकण. जुन्या विजेच्या शेगडीचा चुलीसारखा भरवसा धरू नका, बटण बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते आणि मोहरी जळते.

घरातली जोडक्रियापदंही, म्हणजे ज्यांचा पुढचा तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जातो ती, इथेच पक्की होतात: आउफमाखन उघडणं, त्सूमाखन बंद करणं, आनमाखन लावणं, आउसमाखन विझवणं. खिडकी, दार, दिवा, शेगडी. दिवसात वीस वेळा संधी येते. प्रत्येक वेळी हात लावताना वाक्य मोठ्यानं म्हणा: 'इश माखं दास फेन्स्टर त्सू'. तो शेवटचा 'त्सू' विसरणं हीच सगळ्यांची चूक.

घराचे नियम थोडक्यात: रात्री दहानंतर आवाज नाही, रविवारी यंत्रांचा गोंगाट नाही आणि दुकानं बंद, कचरा चार-पाच डब्यांत वेगळा, बूट दाराशी, घरात सपाता.

काय बिघडतं

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी डोकं जड होतं, आपण काहीच शिकलो नाही असं वाटतं. हे सगळ्यांचं होतं. त्या दिवशी शिकवणी कमी करू नका, दुपारचं काम रद्द करा आणि झोपा.

न कळता मान हलवणं ही आपली मोठी खोड. 'हं, हं' म्हणजे आपल्यासाठी 'ऐकतोय', तिथे 'या, या' म्हणजे 'कळलं, मान्य'. बाई पुढे जातात आणि तुम्ही मागे राहता. कळलं नाही की लगेच 'नॉखमाल, बिटं'.

आग्रहाची वाट बघू नका. 'अजून घेणार?' असं एकदाच विचारतात. त्यावर नुसतं 'डांकं' म्हटलं तर त्याचा अर्थ 'नको' होतो आणि पातेलं बाजूला जातं. हवं असेल तर 'या, गेर्नं' म्हणा. उपाशी राहून नाराज होणारे पाहुणे यामुळेच.

रोज रात्री घरी तासभर व्हिडिओ कॉल झाला की संध्याकाळचं सगळं जर्मन पुसलं जातं. फोन जेवणाआधी, वीस मिनिटं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांना काळजी वाटते.

आणि दुसऱ्या आठवड्यात बाईंशी छान जमलं की शिकवणीच्या गप्पा होतात. गप्पा हव्यातच, पण टेबलावर. दर शुक्रवारी शेवटची पंधरा मिनिटं एवढंच विचारा: या आठवड्यात माझी कोणती चूक तीच राहिली? सोमवारची तासिका तिथून सुरू करा.

निघायच्या आदल्या दिवशी त्याच बाईंबरोबर आठवड्याला ४५ मिनिटांची ऑनलाइन तासिका ठरवून या, वार आणि वेळ दोन्ही. घड्याळाचं लक्षात ठेवा: मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असतं, बाकी वर्षभर साडेचार.